खुबा बदलल्यानंतर जांघेतले टेंडन मोकळे केले असेल, तर पुढचे सहा महिने

खुब्याचा सांधा बदलून झाला, जखम भरली, काठी सुटली, एक्स-रेही नीट आला. आणि तरीही जिना चढताना, गाडीत बसून पाय आत घेताना किंवा अंथरुणावर पडल्यापडल्या पाय उचलताना जांघेत नेमक्या त्याच ठिकाणी कळ येत राहिली, तर त्यामागे पुष्कळदा एकाच टेंडनचा, म्हणजे कंडरेचा, हात असतो. तिचे नाव इलिओसोआस. कमरेच्या मणक्यांपासून निघणारा सोआस आणि कटीच्या हाडाच्या आतल्या खोलगट भागातून निघणारा इलियाकस हे दोन स्नायू खाली उतरताना एकत्र येतात, खुब्याच्या सांध्याच्या अगदी समोरून जातात आणि मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला असलेल्या छोट्या उंचवट्याशी जाऊन चिकटतात. पाय उचलून पुढे टाकणे हे त्यांचे काम आहे. कृत्रिम सांध्याचा चेंडू ज्यात फिरतो त्या वाटीची पुढची कड हाडाबाहेर डोकावत असेल, वाटी आकाराने मोठी बसली असेल, एखादा स्क्रू किंवा सिमेंटचा कण पुढे आला असेल, किंवा पायाची लांबी वाढल्यामुळे कंडरा मुळातच ताणली गेली असेल, तर प्रत्येक पावलागणिक ती त्या कडेवर घासते आणि सुजते.

औषधे, फिजिओथेरपी आणि कंडरेभोवती दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन यांनी भागले नाही, तर ही कंडरा छेदून मोकळी केली जाते. आजकाल हे काम बहुधा दुर्बिणीतून, सुमारे एक सेंटिमीटरच्या दोन-तीन छेदांतून होते. काही वेळा मात्र उघडी शस्त्रक्रिया करावी लागते. पुढचे सगळे मार्गदर्शन दुर्बिणीतून झालेल्या शस्त्रक्रियेला धरून आहे. उघड्या शस्त्रक्रियेत जखमेची काळजी आणि सुरुवातीचा वेग यांत फरक पडतो, क्रम मात्र जवळजवळ तोच राहतो. आपल्या शल्यचिकित्सकाने वेगळी सूचना दिली असेल तर तीच पाळावी, कारण आत काय दिसले आणि नेमके किती छेदले हे फक्त त्यांना ठाऊक असते.

वेदना आधी जाते, ताकद मागून येते

या शस्त्रक्रियेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही आहे. कंडरा घासणे छेदानंतर लगेच थांबते, त्यामुळे ती जुनी, ओळखीची कळ बऱ्याच जणांना पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांतच जाणवेनाशी होते. पण जी कंडरा छेदली तीच पाय उचलण्याची मुख्य दोरी होती. त्यामुळे दुखत नसलेला पाय जागचा हलतही नाही, अशी चमत्कारिक अवस्था काही आठवडे राहते. खुर्चीवर बसून गुडघा वर उचलायचा प्रयत्न केला की पाय जमिनीला खिळल्यासारखा वाटतो, आणि माणूस घाबरतो. ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते.

याची उलटी चूकही तितकीच होते आणि माझ्या मते ती अधिक महागात पडते. दुखणे थांबले म्हणजे आपण बरे झालो, असे समजून लोक तिसऱ्या आठवड्यातच सरळ पाय उचलून पाहू लागतात. काही जण तर रोज सकाळी उठल्यावर पहिले काम म्हणून हीच परीक्षा घेतात. त्या परीक्षेतून काहीही कळत नाही. छेदलेल्या जागी नुकती भरून येऊ लागलेली नाजूक ऊती तेवढी पुन्हा पुन्हा ओढली जाते आणि जांघेत नवी सूज येते.

ताकद परत येण्याची वाट दुहेरी आहे. इलियाकसचे काही मांसल तंतू कंडरेच्या मध्यस्थीशिवाय थेट हाडाला जोडलेले असल्यामुळे ते शाबूत राहतात. शिवाय मांडीच्या पुढचा रेक्टस फेमोरिस, तिरका जाणारा सार्टोरियस आणि बाहेरच्या बाजूचा टेन्सर फॅशिया लाटा हे स्नायू हळूहळू जास्तीचा भार उचलायला शिकतात. दरम्यान छेदलेल्या टोकांमध्ये तंतुमय ऊती भरत जाते. साधारणपणे तीन महिन्यांत रोजच्या व्यवहारापुरती ताकद येते आणि सहा महिन्यांपर्यंत तीत भर पडत राहते. खुबा नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकलेला असताना पाय आणखी वर उचलण्याची ताकद मात्र काहींच्या बाबतीत थोडी कमीच राहते. हे आधीच माहीत असलेले बरे.

शस्त्रक्रियेच्या आधी विचारायचे प्रश्न

ज्यांची तारीख अजून ठरायची आहे त्यांनी तीन गोष्टी नक्की विचारून घ्याव्यात. सांधा सैल झालेला नाही आणि सांध्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली आहे का, हा पहिला प्रश्न. जांघेतली कळ या दोन्ही कारणांनीही येते, आणि त्यासाठी रक्तातील ईएसआर व सीआरपी या शरीरातला दाह दाखवणाऱ्या तपासण्या आणि गरज पडल्यास सांध्यातील द्रव काढून केलेली तपासणी उपयोगी पडते. दुसरा प्रश्न असा की, कंडरेभोवती बधिर करणारे औषध सोनोग्राफीच्या मदतीने टोचून पाहिले तेव्हा कळ तेवढ्यापुरती थांबली होती का. थांबली असेल, तर दोष कंडरेचाच आहे याला चांगला पुरावा मिळतो. तिसरा प्रश्न वाटीच्या कडेचा. सीटी स्कॅन किंवा बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये कड किती पुढे आली आहे हे मोजता येते. ती ८ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर कंडरा मोकळी करून चांगला गुण येण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याहून जास्त असेल तर वाटी बदलण्याचा पर्याय चर्चेत घ्यावा लागतो. वाटी बदलणे ही बरीच मोठी शस्त्रक्रिया आहे, म्हणून हा आकडा माहीत असणे रुग्णाच्या हिताचे ठरते.

घराची तयारी फार नसते, पण ती आधी झालेली असावी. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहील इतक्या उंचीची, हातांची खुर्ची हवी. स्वच्छतागृहाची बैठक बुटकी असेल तर ती उंच करणारे साधन बसवून घ्यावे. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवाव्यात. आणि एक लांब कापडी पट्टा घ्यावा, ज्याच्या एका टोकाला तळपाय जाईल एवढा फास असेल. पहिल्या सहा आठवड्यांत या पट्ट्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

पहिले दोन आठवडे

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जाता येते. पायावर सोसेल तितका भार देण्याची परवानगी बहुधा लगेच मिळते, पण त्यासाठी वॉकर किंवा दोन कुबड्या घ्याव्या लागतात. पाय हाडाने अशक्त झालेला नसतो, तो वेळेवर पुढे येत नाही एवढेच. त्यामुळे पाऊल जमिनीला घासून अडखळण्याचा धोका असतो, आणि कृत्रिम सांधा असलेल्या माणसाने पडणे ही या काळातली सर्वांत टाळण्यासारखी गोष्ट आहे. घरातल्या सतरंज्या, पायपुसणी आणि जमिनीवरून गेलेल्या वायरी याच कारणासाठी उचलून ठेवायच्या असतात.

पावले लहान टाकावीत. शस्त्रक्रियेचा पाय फार मागे राहू देऊ नये, कारण पाय मागे जाताना जांघेचा पुढचा भाग ताणला जातो. पाय मागे असताना पाऊल बाहेरच्या बाजूला वळवणे तर कटाक्षाने टाळावे. इलिओसोआस सांध्याच्या पुढच्या बाजूला आधार देणारा पट्टाही असतो, आणि तो सैल झाल्यावर याच स्थितीत चेंडू वाटीतून पुढच्या बाजूला निसटण्याची शक्यता वाढते. व्यवहारात ही स्थिती नकळत येते. ओट्यापाशी किंवा टेबलापाशी उभे असताना पाय जागेवर रोवलेला ठेवून माणूस फक्त अंग मागे वळवतो, तेव्हा खुब्यात नेमके हेच घडते. वळायचे असेल तेव्हा छोटी छोटी पावले टाकत सबंध शरीर वळवावे. मूळ सांधेबदलाच्या वेळी खाली वाकण्याबद्दल किंवा पाय एकमेकांवर टाकण्याबद्दल ज्या सूचना मिळाल्या होत्या, त्या अजून लागू आहेत का, हेही विचारून घ्यावे. तेव्हाचा छेद मागून होता की पुढून, यावर ते अवलंबून असते.

आता पाय उचलण्याची युक्ती सांगतो, कारण दिवसातून वीस वेळा तिची गरज पडते. अंथरुणात शिरताना पलंगाच्या कडेवर शक्य तितके मागे सरकून बसावे. पट्ट्याचा फास तळपायाच्या मध्यावर अडकवावा, पट्टा दोन्ही हातांनी धरावा आणि अंग वळवताना पाय पूर्णपणे हातांच्या बळावर वर घ्यावा. पायाने मदत करायची नाही. त्याने निर्जीव लाकडासारखे राहायचे आहे. उठताना मात्र पट्ट्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट आहे. उताणे पडून झटक्याने सरळ उठून बसू नये, कारण धड मांडीकडे ओढण्याचे कामही हाच स्नायू दुसऱ्या टोकाने करत असतो. पाय उचलायला मनाई असताना असे उठून बसणे म्हणजे मागच्या दाराने तोच व्यायाम करणे होय. त्याऐवजी दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी धरून चांगल्या बाजूच्या कुशीवर वळावे, हातांनी रेटा देत बसावे आणि पाय एकत्र खाली सोडावेत.

गाडीत बसतानाही क्रम हाच. आसन मागे सरकवून ठेवावे, आधी पाठ आत करून बसावे, मग दोन्ही पाय एकत्र, शस्त्रक्रियेचा पाय मांडीखाली हात घालून किंवा पट्ट्याने उचलून आत घ्यावा. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली ठेवावा, आणि कठड्याचा आधार सोडू नये.

या पंधरवड्यातले व्यायाम अगदी साधे वाटतात आणि म्हणूनच ते टाळले जातात. जागेपणी दर तासाला घोटे वरखाली हलवावेत, म्हणजे पोटरीतले रक्त फिरते राहते आणि गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघा सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू पाच सेकंद आवळून सोडावा, तसेच नितंब आवळून सोडावेत, दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. टाच अंथरुणावरून घसरवत गुडघा वाकवण्याचा व्यायाम पट्ट्याने ओढून करावा, स्वतःच्या जोरावर नाही. दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे पाठीवर सपाट, गुडघ्याखाली काहीही न घेता पडून राहावे. गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते हे खरे आहे, पण तीच उशी दिवसरात्र राहिली तर खुबा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ चालणे कठीण होते. पालथे झोपण्याचा सल्ला काहींना दिला जातो. शल्यचिकित्सकांनी सांगितल्याशिवाय तो आपणहून अमलात आणू नये.

बर्फ कापडात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे जांघेवर ठेवावा. वेदनाशामक औषधे पहिले काही दिवस ठरलेल्या वेळी घेतलेली बरी, कळ वाढण्याची वाट पाहू नये. काही शल्यचिकित्सक दोन-तीन आठवडे दाहशामक गोळ्या देतात. त्यामागे वेदना कमी करण्याबरोबर आणखी एक हेतू असतो, तो म्हणजे छेदाजवळच्या मऊ भागात नको असलेले हाड तयार होऊ न देणे. त्यामुळे दुखत नाही म्हणून त्या मध्येच बंद करू नयेत. मात्र मूत्रपिंडाचा विकार, जठरात व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध यांपैकी काही असेल, तर ते आधीच सांगितलेले असले पाहिजे. ड्रेसिंग कोरडे ठेवावे. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांत काढतात आणि जखम पूर्ण बंद होईपर्यंत पाण्यात बुडून स्नान करू नये. मांडीच्या पुढच्या किंवा बाहेरच्या भागावर बधिरपणाचा एखादा पट्टा जाणवू शकतो. तो त्वचेच्या नसेला बसलेल्या ताणामुळे असतो आणि सहसा हळूहळू ओसरतो.

तिसरा ते सहावा आठवडा

हा काळ कंटाळवाणा आहे. वेदना गेलेली असते, ताकद आलेली नसते, आणि करण्यासारखे फारसे काही नाही असे वाटते. प्रत्यक्षात या काळात दोन कामे होतात: छेदलेली जागा शांतपणे भरते, आणि आजूबाजूचे स्नायू तयार होतात. नितंबाचे स्नायू सांधेबदलाच्या आधीपासून, कधीकधी वर्षानुवर्षे, दुर्बळ झालेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे लक्ष देण्याची ही चांगली संधी आहे. उताणे पडून, गुडघे वाकवून, कंबर थोडी वर उचलणे आणि उभे राहून, आधार धरून, पाय बाजूला नेणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करता येतात. उंच खुर्चीवरून हातांचा कमीत कमी आधार घेत उठणे-बसणे हाही उत्तम व्यायाम आहे, आणि तो कुठेही करता येतो.

जागेवरची सायकल साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालवता येते. आसन उंच ठेवावे आणि अडथळ्याचा जोर शून्यावर ठेवावा. पॅडलला पाऊल बांधणारे पट्टे असतील तर ते काढून टाकावेत. पाऊल बांधलेले असले की माणूस नकळत पॅडल वर ओढतो, आणि वर ओढणे म्हणजे पुन्हा तीच कंडरा. पाण्यात चालायचे असेल तर जखम पूर्ण भरल्यानंतर छातीइतक्या पाण्यात चालावे. पाय मारत पोहणे इतक्यात नको.

कुबड्या कधी सोडाव्यात, याचे उत्तर तारखेवरून ठरत नाही. लंगडणे न येता घरभर चालता येते का, हा निकष आहे. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत एका काठीवर येता येते. काठी विरुद्ध बाजूच्या हातात धरायची असते. शस्त्रक्रियेच्या बाजूलाच ती धरणारे लोक इतके दिसतात की हे पुन्हा सांगणे भाग आहे. आरशासमोर चालून पाहिले तर आणखी एक सवय पकडता येते. पाय उचलण्याची ताकद नसल्यामुळे शरीर पळवाटा शोधते. कुणी धड मागे झुकवून पाय पुढे फेकतो, कुणी कंबर वर चढवतो, कुणी पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून आणतो. थोडे दिवस हे चालते, पण सवय जडली की ताकद आल्यावरही ती जात नाही, आणि मग कंबर दुखू लागते. पाऊल लहान केले आणि काठी दोन आठवडे जास्त वापरली, तर या पळवाटांची गरजच पडत नाही.

गाडी चालवण्याचा प्रश्न याच काळात येतो. उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झाली असेल तर विशेष सावध राहावे. ॲक्सिलरेटरवरून पाऊल उचलून ब्रेकवर नेण्याची क्रिया हाच स्नायू करतो, आणि हात घालून पाय उचलण्याची सोय तिथे नसते. थांबलेल्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, ते पाऊल वेगाने आणि पुन्हा पुन्हा हलवून पाहावे. जराही उशीर होत असेल तर अजून थांबावे. गुंगी आणणारी औषधे पूर्ण बंद झालेली असावीत आणि शल्यचिकित्सकांची परवानगी असावी, हे वेगळे सांगायला नको. बैठे काम बऱ्याच जणांना दोन ते चार आठवड्यांत सुरू करता येते. पण सलग बसून राहिल्याने खुब्याचा पुढचा भाग आखडतो, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले टाकावीत. ओझी उचलण्याचे किंवा शिडी चढण्याचे काम असेल तर तीन महिन्यांचा हिशेब धरावा.

सहा आठवड्यांनंतर: पाय पुन्हा उचलायला शिकणे

तपासणीत सगळे ठीक असेल तर साधारण सहाव्या आठवड्यानंतर पाय स्वतःच्या बळावर उचलण्याचे व्यायाम सुरू होतात. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. आधी अंथरुणावर टाच घसरवत गुडघा वाकवणे, आता पट्ट्याशिवाय. ते सहज जमले की भिंतीचा किंवा ओट्याचा आधार घेऊन उभ्याने गुडघा वीतभर वर उचलणे. त्यानंतर सुमारे १० सेंटिमीटरच्या पायरीवर पाऊल ठेवून परत खाली घेणे, आणि मग हळूहळू नेहमीच्या पायरीच्या उंचीपर्यंत जाणे. गुडघा सरळ ठेवून पाय उचलणे त्याच्याही पुढे. खुर्चीवर बसून गुडघा वर उचलणे सर्वांत शेवटी.

बसलेल्या स्थितीतला व्यायाम शेवटी का ठेवायचा, हे समजून घेतले तर निराशा टळते. बसल्यावर खुबा आधीच वाकलेला असतो, त्यामुळे मदतीला येणारे इतर स्नायू आखूड झालेले असतात आणि आखूड झालेल्या स्नायूला जोर लावता येत नाही. तिथून वर पाय नेण्याची जवळजवळ सगळी जबाबदारी इलिओसोआसवर येते. म्हणजे उभ्याने छान जमणारी गोष्ट बसून अजिबात जमत नाही, यात बिघाड काहीच नाही. सुरुवातीला टाच जमिनीवरून कागदाच्या जाडीइतकी सुटली तरी ती नोंदवून ठेवावी. पाच सेकंद धरता आली तर तारीख लिहावी. आठवड्यातून एकदाच मोजावे, रोज नाही. रोज मोजले की बदल दिसत नाही आणि मन खट्टू होते.

प्रत्येक व्यायाम आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या पुरेत. रबरी पट्ट्याचा विरोध लावायचा झाला तर साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यानंतर, आणि एक दिवसाआड. वेदनेसाठी सोपा नियम असा: दहापैकी तीनपर्यंतची वेदना व्यायाम करताना चालेल, पण ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमली पाहिजे. शमली नाही, तर दोन दिवस थांबून मागच्या पायरीवर यावे. जांघेत थकल्यासारखा ठणका आणि ती जुनी, पाय उचलताच पकडणारी कळ यांतला फरक रुग्णाला स्वतःलाच सर्वांत चांगला ओळखता येतो, कारण त्याने ती कळ महिनोन्महिने सोसलेली असते. ठणका चालतो. कळ परत आली तर कळवावे.

तीन महिन्यांनंतर लांब चालणे, चढावर चालणे, पाय मारत पोहणे हे टप्प्याटप्प्याने वाढवता येते. पोटाचे व्यायाम करायचे असतील तर पाय अडकवून उठून बसण्याचे प्रकार सोडून द्यावेत आणि धड स्थिर ठेवण्याचे प्रकार निवडावेत. जमिनीवर बसणे किंवा उकिडवे बसणे हा प्रश्न कंडरेचा कमी आणि मूळ सांध्याचा अधिक आहे, त्याचे उत्तर सांधा कोणत्या प्रकारचा आहे हे जाणणाऱ्या शल्यचिकित्सकांकडूनच घ्यावे.

ताबडतोब कळवण्यासारखी लक्षणे

ताप येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, जखमेभोवतीची लाली पसरणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवावे. कृत्रिम सांधा जवळ असल्यामुळे इथला संसर्ग साध्या जखमेसारखा अंगावर काढता येत नाही, आणि घरातल्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊन पाहणे हे तर निदान अवघड करून ठेवण्यासारखे आहे. पोटरी सुजली किंवा दाबल्यावर दुखू लागली, श्वास अचानक अपुरा पडू लागला किंवा छातीत दुखू लागले, तर तो रक्ताच्या गुठळीचा इशारा असू शकतो आणि तातडीची सेवा गाठावी. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना आत सोडलेला द्रव क्वचित या स्नायूच्या वाटेने पोटाकडे शिरतो. म्हणून पहिल्या दिवशी पोट फुगणे किंवा पोटात वाढत जाणारी वेदना होणे ही गोष्ट भुलेचा परिणाम समजून सोडून देऊ नये. गुडघा अचानक लचकू लागला आणि मांडीची पुढची बाजू बधिर झाली, तर मांडीच्या मुख्य नसेची तपासणी करावी लागते. आणि एखाद्या हालचालीत खुब्यात काही निसटल्यासारखे होऊन पाय टेकवेनासा झाला, पाऊल बाहेर वळलेले किंवा पाय आखूड दिसू लागला, तर पाय हलवण्याचा किंवा ओढून बसवण्याचा प्रयत्न न करता रुग्णालयात जावे.

कळ गेलीच नाही तर

बहुतेकांना गुण येतो, पण सगळ्यांना नाही. तीन महिने उलटूनही जिना चढताना तीच कळ, त्याच ठिकाणी, तशीच येत असेल, तर व्यायाम वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही. अशा वेळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. आधी संसर्ग आणि सांध्याचा सैलपणा यांची पुन्हा चाचपणी होते, कंबरेच्या मणक्यातून येणारी वेदना नाही ना हे पाहिले जाते, जांघेतला हर्निया तपासला जातो, आणि मग वाटीची कड सीटी स्कॅनवर नव्याने मोजली जाते. कंडरा पूर्ण छेदली गेली होती का आणि मधल्या काळात ती पुन्हा जुळून ताणली गेली आहे का, हेही सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये काही प्रमाणात कळते. या भेटीला जाताना नोंदवही सोबत न्यावी. कोणत्या आठवड्यात किती पाय उचलता येत होता, कळ कोणत्या हालचालीत येते, बसून येते की उभ्याने, रात्री झोपेतून जागी करते का, या नोंदी समोर असल्या की पुढचे पाऊल ठरवायला डॉक्टरांना खूप मदत होते. विश्रांतीतही आणि रात्रीही दुखत असेल, तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे, कारण कंडरेची कळ सहसा हालचालीत येते, आणि हालचालीशिवाय येणाऱ्या दुखण्याचा शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो.